दुसरा दिवा

१

रविवारी दुपारी ऑफिसात नीलिमा एकटीच असे. ऑफिस म्हणजे साताऱ्यात सदर बझारातल्या तिच्या घराची पुढची खोली. तीन कॉम्प्युटर, तीन हेडफोन, टेबलांखाली पायानं दाबायची तीन पेडलं आणि भिंतीवर टेलिफोन लाइनची पांढरी पेटी. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची हकिकत तोंडी बोलून ठेवत. ती बोलणी पुण्याच्या एका कंपनीमार्फत इथं येत. नीलिमा आणि तिच्याकडच्या दोन मुली ती ऐकून टाइप करत आणि परत पाठवत. शंभरात दोनपेक्षा जास्त शब्द चुकले की काम उलट पावली येई. नीलिमाचं काम कधी परत आलं नव्हतं. सांगलीच्या एका इस्पितळात आठ वर्षं तिनं केसपेपर लिहिले होते. कान तिथंच तयार झाला.

साध्या फोनवर एक बोलणं उतरवून घ्यायला तास जाई आणि शेवटच्या मिनिटाला लाइन तुटे. म्हणून आयएसडीएन घ्यावी लागली. एकाच तारेवर दोन वाटा. एकीवर कॉम्प्युटर चालू असला तरी दुसरीवर फोनवर बोलता येई. पेटीवर दोन हिरवे दिवे होते. जी वाट चालू, तिचा दिवा लागे. आणि आवाज इतका स्वच्छ, की पलीकडचा माणूस क्षणभर थांबला तर फोन मेला असं वाटे. साध्या फोनमागे जी खरखर असते ती नव्हतीच.

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीतला दुसरा रविवार. चार वाजत आले होते. शनिवारचं काम उतरत होतं, पहिला दिवा लागलेला होता. नीलिमा चहा ठेवायला आत गेली आणि कप घेऊन परत आली तर दुसरा दिवाही लागलेला.

फोन जाग्यावर नीट ठेवलेला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा कारखान्यावर; गाळपाच्या हंगामात तो बुधवारीच घरी येई. रिसीव्हर उचलून बघावा म्हणून तिनं हात ठेवला आणि तो तिच्यानं उचलवला नाही. ती तशीच उभी राहिली. चार वाजून अकरा मिनिटांनी दिवा विझला.

रविवारी चार ही वेळ कुणाची होती, ते तिला पक्कं ठाऊक होतं. चहा गार झाला होता. तिनं तो मोरीत ओतला.

२

लाइन कशी मिळाली, ही गोष्ट नीलिमा स्वतःशीसुद्धा पुरती बोलत नसे.

पुण्याच्या कंपनीनं बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत लाइन बसवा, नाहीतर काम दुसऱ्या गावाला जाईल. अर्ज मंजूर झाला. पण लाइनमन जोतीराम गल्लीतल्या खांबावर चढला आणि मान हलवत उतरला. वरच्या डब्यात तारांच्या दहा जोड्या, आणि दहाही भरलेल्या. नीलिमाच्या साध्या फोनची जोडी जुनी, तिच्यावर ही लाइन चालणारी नव्हती. नवीन केबल पडायची तर वर्ष जाणार.

"कुणी फोन परत केला तर त्येची जोडी तुमाला लावतो," तो म्हणाला.

शेजारच्या दोन खोल्यांत साळूबाई राहायच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा कृष्णात सैन्यात कारकून, अरुणाचलात. तीन वर्षं वाट बघून त्यानं आईला फोन घेऊन दिला होता, आणि सुट्टीवर येताना कॅन्टीनमधून लाल बटनांचं फोनचं यंत्रही आणलं होतं. रविवारी चारला त्याचा फोन यायचा. साळूबाई पावणेचारलाच तोंड धुऊन बसायच्या.

नीलिमा फोन परत करायचा अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेली.

"कसला कागद गं?"

"मावशी, गल्लीतल्या तारा बदलणार आहेत. पंधरा दिवस फोन बंद राहील. त्याला तुमची सही लागते."

साळूबाईंनी हात पदराला पुसले. प्रौढांच्या वर्गात जाऊन त्या सही शिकल्या होत्या. जीभ दातांखाली धरून त्यांनी एकेक अक्षर काढलं, ळ जरा मोठा झाला. मग कागद लांब धरून विचारलं, "बरोबर आलं का?"

"छान आलंय, मावशी."

एक्स्चेंजमध्ये नीलिमानं सांगितलं, म्हातारी कायमची पुण्याला पुतण्याकडे गेली. जोतीरामनं साळूबाईंच्या भिंतीवर येणारी तार खांबापाशी सोडवली, वेटोळं करून त्यांच्याच खिडकीबाहेरच्या खिळ्याला अडकवली आणि ती जोडी नीलिमाच्या पेटीला लावली. साळूबाई तेव्हा बाजाराला गेल्या होत्या. ती वेळही नीलिमानंच निवडली होती.

पंधरा दिवसांचा महिना झाला. साळूबाई एकदाही तक्रारीनं बोलल्या नाहीत. एक दिवस अंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. त्यांना लिहायला येत नसे, पत्रं नीलिमाच लिहून देई.

"लिव, आई बरी हाय. गुडघा दुखतोय पर लय न्हाई. थंडीचं कानाला बांदून झोप. आन लिव, फोन बंद हाय, तवर नीलिमाच्या नंबरावर कर. नंबर घाल तुजा."

नीलिमानं गुडघा लिहिला, थंडी लिहिली. फोनचं लिहिताना पेन थांबलं. कृष्णात कारकून माणूस. फोन का बंद आहे म्हणून त्यानं एक्स्चेंजला एक पत्र टाकलं, की आईच्या सहीचा अर्ज बाहेर येणार. तिनं ती दोन वाक्यं सोडली आणि 'तुझी आई' लिहून टाकलं.

"घातलास नंबर?"

"हो."

साळूबाई पत्र चिकटवायला घरी घेऊन गेल्या. पुढच्या महिन्यात तसंच आणखी एक पत्र झालं.

३

दुसरा दिवा दिसल्यानंतरच्या मंगळवारी अक्षतानं हेडफोन काढून हाक मारली. नीलिमाकडच्या दोन मुलींत ही जास्त हुशार.

"ताई, इथं मागं कोणतरी मराठी बोलतंय."

डॉक्टर हृदयाच्या एका रोग्याबद्दल बोलत होता. मध्येच त्यानं कागद उलटला, दोन-तीन सेकंद गप्प राहिला. त्या जागेवर पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज होता, आणि लांबून, पण अगदी स्वच्छ, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. जेवलास का?

नीलिमानं पेडल दाबून ती जागा चार वेळा ऐकली. पाचव्यांदा ऐकायची गरज नव्हती.

"अमेरिकेत आपल्या नर्सा थोड्या आहेत का?" ती म्हणाली. "कुणीतरी घरी फोन केला असेल."

"मग टाइप काय करू?"

"काही नको. सोडून दे."

"पण ऐकू येईल ते सगळं लिहायचं, असं तुम्हीच सांगता."

"मी सांगते ना, सोडून दे."

अक्षतानं तिच्याकडे जरा निरखून बघितलं आणि हेडफोन परत चढवला.

दुपारी नीलिमानं जोतीरामला बोलावून घेतलं. त्यानं पेटी उघडून पाहिली, खांबावर जाऊन आला.

"साध्या लायनीत दुसऱ्याचं बोलनं शिरतं, पावसात तर लय. ह्यात न्हाई शिरत. ह्यात आवाजाचं आकडं हुत्यात, आकडंच जात्यात."

"मग दिवा उगाच लागतो का?"

"उगं कसा लागंल? दिवा लागला म्हंजे कोनतरी बोलतंय." त्यानं पक्कड पिशवीत टाकली आणि जाता जाता म्हणाला, "ती म्हातारी पुण्याला गेली म्हनलावता तुमी. आत्ता दिसली की दारात, तांदूळ निवडताना."

"परत आल्या," नीलिमा म्हणाली.

"आसं व्हय," जोतीराम म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून निघाला. त्यानं आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

४

पुढच्या रविवारी पावणेचारला ती कढीपत्ता मागायच्या निमित्तानं शेजारी गेली. खरं तर तिला खात्री करून घ्यायची होती. कसली, ते तिनं मनात नीट मांडलं नव्हतं.

साळूबाई कॉटवर बसल्या होत्या. मांडीवर लाल बटनांचा फोन. त्याची वायर खिडकीतून बाहेर गेली होती, आणि बाहेर खिळ्यावर ते वेटोळं तसंच होतं. आत येताना नीलिमानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तारेच्या टोकाचं तांबं हिरवं पडलं होतं.

चार वाजले. फोन वाजला नाही. साळूबाईंनी मात्र रिसीव्हर उचलला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हां, बोल."

मग त्या ऐकू लागल्या. खोटं खोटं ऐकणारा माणूस इतका वेळ थांबत नाही. त्याला पुढचं वाक्य बोलायची घाई असते. साळूबाई थांबत होत्या, मध्येच हसत होत्या, एकदा तर दुसरं कुणी बोलताना आपणही बोललो म्हणून थबकल्या आणि "तू बोल, तू बोल," म्हणाल्या. "हात भाजला? मग तूप लावायचं हुतंस." पुन्हा थांबल्या. मग नीलिमाकडे बघत म्हणाल्या, "व्हय, आलीया की. हितंच बसलीया."

नीलिमानं कुठलाही आवाज केला नव्हता.

"बोलतीस का? इचारतोय तुला."

तिनं नकारार्थी मान हलवली. साळूबाईंनी आणखी चार शब्द बोलून रिसीव्हर ठेवला आणि कढीपत्ता तोडायला परसात गेल्या. नीलिमानं झटकन रिसीव्हर कानाला लावला. आत काही नव्हतं. टोन नाही, खरखर नाही.

घरी येईपर्यंत तिनं कारण शोधलं होतं. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मुलाचा आवाज तीन महिने कानावर नाही, मन भरकटणारच. आणि हे कुणी केलं, हेही त्याच्यासोबतच आलं. तरी त्या कारणाला तिनं घट्ट धरलं. वेड लावल्याची लाज तिला सोसवत होती. दुसरं जे काही असेल त्याच्याकडे बघवत नव्हतं.

ऑफिसात दुसरा दिवा नुकताच विझला होता. दमलेली अक्षता रविवार असूनही अर्धं राहिलेलं काम पुरं करायला आली होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नव्हता तेव्हा अकरा मिनिटं ही लाइन चालू होती. कोण बोलत होतं?"

५

फेब्रुवारीत कृष्णातचं पत्र आलं. साळूबाई ते फोडून घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी पाटावर बसल्या. पत्रं वाचून घ्यायलाही त्या नीलिमाकडेच येत.

कृष्णातनं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, 'आई, चार महिने झाले, दर रविवारी फोन लावतो. हा नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू येतं. तुझ्या पत्रांत फोनबद्दल एक अक्षर नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाही. काही झालं असेल तर नीलिमाताईंना चार ओळी लिहायला सांग.'

नीलिमा वाचू लागली. थंडीचं वाचलं, नवीन साहेबाचं वाचलं, मेमध्ये सुट्टी मिळेल ते वाचलं. पत्र घडी करून तिनं साळूबाईंच्या हातात दिलं.

"आन वरचं?"

"वरचं कुठलं?"

"ह्यो वरचा भाग ऱ्हायला की." साळूबाईंनी पत्र उघडून बोट ठेवलं आणि एकेका शब्दावर थांबत वाचलं, "हा, नंबर, अस्ति, त्वात, न्हाई."

नीलिमा त्या बोटाकडे बघत राहिली.

"लिवाया हात वळत न्हाई माजा. वाचाया येतंय, सावकाश. तू लिवून दिलेली दोन्ही पत्रं चिकटवायच्या आदी वाचली मी. पयल्या बारीला वाटलं, इसरली आसंल."

"मावशी, तो अर्ज..."

"ठावं हाय. सही कशावर घेतलीस त्ये किस्नातानं सांगितलं मला. संक्रांतीच्या टायमाला, पयला फोन आला तवाच."

"पण मावशी, तो इथं लिहितोय की फोन लागतच नाही."

"त्येबी सांगितलंय त्येनं. म्हनला, आई, पत्रावर इस्वास ठिवू नगं. पत्रं दुसरंच कोनतरी लिवतंय." साळूबाई शांतपणे तिच्याकडे बघत होत्या. "आता तुजी पत्रं बगून मला त्ये खरंच वाटनार की गं."

नीलिमा त्यांच्या पायाशी खाली बसली. माफी मागायला शब्द जुळवू लागली. साळूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात तिला झटकून टाकावासा वाटला, इतका तो मऊ होता.

"रडू नगं. त्यो तुज्यावर रागाला न्हाई. उलट म्हनला, ताईंमुळंच मला लाइन मिळाली."

६

त्या रविवारी तिनं ऑफिस आतून लावून घेतलं. अक्षताला सुट्टी दिली. कॉम्प्युटर सुरूच केला नाही, म्हणजे पहिला दिवा लागायचा प्रश्न नव्हता. खिडकी उघडी ठेवली. तिथून बोळापलीकडे साळूबाईंची कॉट दिसे आणि त्यावर बसलेल्या साळूबाईंची पाठ.

चार वाजता दुसरा दिवा लागला. तिकडे साळूबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. नीलिमानं आपला उचलला.

खोलीचा आवाज होता. साळूबाईंची खोली. घड्याळाची टिकटिक, बाहेर कावळा. त्या बोलल्या तेव्हा त्यांची मान खिडकीत हलली आणि शब्द नीलिमाच्या कानात पडले. दोन्ही अगदी एकाच वेळी.

मग तो बोलू लागला. आवाज चांगला होता. मायेचा, साताऱ्याच्या मातीतला. गुडघ्याला तेल लावतीस का, असं काही विचारत होता. आठ वर्षं आणि वर हे वर्ष नीलिमानं माणसांचं बोलणं ऐकून कागदावर उतरवलं होतं. माणूस बोलताना कुठं थांबतो, तोंड कुठं कोरडं पडतं, वाक्य संपवून हवा कशी आत घेतो, हे तिच्या कानाला बोटांइतकं ओळखीचं होतं. हा कुठंच श्वास घेत नव्हता. एक मिनिट, दोन मिनिटं, गोड आणि सारखं, न थांबता. त्याच्यामागे खोली नव्हती. वारा नव्हता, भांडं नव्हतं, दुसरं माणूस नव्हतं. तो जिथून बोलत होता तिथं काहीच नव्हतं.

नीलिमानं माउथपीसवर तळहात दाबून धरला होता.

तो वाक्याच्या मध्येच थांबला.

"आई," तो म्हणाला, "ताईंनी फोन उचललाय."

पलीकडे खिडकीत साळूबाईंची पाठ हलली. त्या सावकाश वळल्या आणि बोळापलीकडून, रिसीव्हर कानाला तसाच धरून, थेट तिच्याकडे बघू लागल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुणं माणूस दारात घुटमळतंय आणि आत ये म्हणायचं की नाही, हे कुणाला तरी विचारून ठरवायचंय, असा तो चेहरा होता.

कानात कुणी बोलत नव्हतं. दोघंही तिची वाट बघत होते.

नीलिमानं रिसीव्हर ठेवला नाही, तो तिच्या हातून पडला. मग तिनं भिंतीवरून पेटीची वायर ओढून काढली.

७

सोमवारी ती स्वतः एक्स्चेंजमध्ये गेली. लाइन परत करायचा अर्ज दिला आणि साहेबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. सही फसवून घेतली, म्हातारी कुठं गेली नव्हती, लाइनमनला काही माहीत नव्हतं. साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. मागच्या टेबलावरचे दोघं हातातलं काम सोडून ऐकत होते. त्यातला एकजण तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा होता. तिनं मान खाली घातली, पण बोलणं अर्धं सोडलं नाही.

कृष्णातला तिनं चार पानी पत्र लिहिलं. त्यात काही गाळलं नाही, फक्त रविवारचं लिहिलं नाही. ते कसं लिहावं तिला कळेना. पुण्याचं काम गेलं. मुलींना तिनं दुसरीकडे चिकटवून दिलं. अक्षता जाताना नमस्कार करून गेली, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

साळूबाईंचा नंबर अजून कुणाला दिलेला नव्हता. मार्च संपता संपता जोतीरामनं जोडी त्यांच्या भिंतीला पुन्हा लावली. टोन आला का ते बघायला नीलिमा थांबली होती. टोन आला, खरखरीसकट. ती खरखर ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारी सकाळी दहाला फोन वाजला. साळूबाईंनी खिडकीतून हाक मारून तिला बोलावलं. ती गेली तेव्हा त्यांच्या हातात रिसीव्हर होता आणि कपाळाला आठ्या होत्या.

"बग गं कोन हाय. किस्नात हाय म्हंतोय."

नीलिमानं कानाला लावला. लांबवरचा वारा, कुठंतरी ट्रकचं इंजिन, आणि धापा टाकत बोलणारा एक माणूस. डोंगरावरून बूथपर्यंत पळत आला असावा.

"ताई? ताई, तुमचं पत्र मिळालं. ते जाऊ दे. आईला काय झालंय? ती मला ओळखतच न्हाई. तू कोन, म्हंती."

"मावशी," नीलिमा म्हणाली, "कृष्णातच आहे हा. खरंच."

साळूबाईंनी तिच्या हातून रिसीव्हर घेतला आणि पुन्हा ऐकलं. मनापासून ऐकलं, डोळे मिटून. तिकडून तो आई, आई म्हणत होता, ते नीलिमाला उभ्या जागी ऐकू येत होतं.

"न्हवं," त्या म्हणाल्या. "ह्यो आवाज त्येचा न्हाई. ह्याला केवडी धाप लागतीया. कोन बिचारा हाय कुनास ठावं." आणि माउथपीसमध्ये मायेनं म्हणाल्या, "बाबा, तुजी आई काळजीत आसंल. तिला कर फोन."

त्यांनी रिसीव्हर हळूच ठेवला.

"मावशी..."

"तू मला ह्या बाबतीत काय सांगू नगंस," साळूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तू सांगशील आन मी मानीन, त्ये दिस गेलं."

 साळूबाई सूप घेऊन खाली बसल्या आणि तांदूळ पाखडू लागल्या. फोन परत वाजायला लागला. बराच वेळ वाजून थांबला, पुन्हा सुरू झाला. नीलिमा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तो उचलायचा हक्क आपल्याला कुणी द्यावा, ते तिला समजेना. साळूबाईंनी सुपातून मान वर केली नाही.

"वाजू दे," त्या म्हणाल्या. "दमला की ठिवंल."